रक्त पॉझिटिव्ह, घोडी ठणठणीत!

मागच्या अंकात एकाने विचारलं होतं की घोडं मागून झुलतंय, काय करू, आणि मी चार ओळींत उत्तर दिलं की आधी रक्त तपासून घ्या. झालं, महिनाभर पत्रं आणि व्हॉट्सअॅप सुरू आहेत आणि सगळ्यांचा सूर एकच, मॅडम रक्त तपासलं, आता या कागदाचं करू काय. चूक माझीच आहे, तपासा म्हणून मोकळी झाले, कागद वाचायचा कसा ते सांगितलंच नाही. म्हणून या वेळी सगळी जागा घोड्यांना, कुत्रा-मांजरवाल्यांनी एक महिना कळ काढा.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझ्याकडं दोन घोड्या हैत, वरातीला लावतो. दसऱ्यापासनं पांढरी घोडी मागनं झुलतीय, वळताना पायात पाय घालती, मधनंच ताप येतो आन दोन दिवसांनी आपोआप जातो. डॉक्टरांनी रक्त घेतलं, काचेवर काय दिसलं नाही म्हणले, पण लॅबच्या कागदावर सर्रा अँटिबॉडी पॉझिटिव्ह. मग दुसरीचं पण केलं, ती एकदम झकास, चंदी चाटूनपुसून खाती, बँड लागला की नाचती, तिचं पण पॉझिटिव्ह! तुळशीचं लगीन झालं की आमचा सीझन चालू. दोघींना इंजेक्शन द्यायचं का कागद खोटा समजायचा? (हडपसर)

उत्तर : भाऊ, कागद खोटा नाही, फक्त तुम्ही त्याला जे विचारताय ते त्याला माहीतच नाही. सर्रा हा माशांच्या चाव्यातून पसरणारा, रक्तातल्या जंतूचा आजार, आणि अँटिबॉडी म्हणजे त्या जंतूशी लढायला शरीराने बनवलेलं प्रथिन, ते लॉजच्या रजिस्टरातलं नाव समजा. गडी कधीतरी येऊन राहिला एवढं नक्की, पण आज रात्री खोलीत आहे का, ते वर जाऊन दार वाजवल्याशिवाय कळत नाही. बरं, सर्रा झालेल्या घोडीला औषध देऊन ती बरी झाली तरी रजिस्टरातलं नाव कित्येक महिने पुसलं जात नाही, त्यामुळे तुमची दुसरी घोडी तुमच्याकडे यायच्या आधीच आजारी पडून बरी झालेली असू शकते. कुठून घेतली, कधी घेतली, आधीच्या मालकाने काही इंजेक्शनं दिली होती का, एवढं आठवून डॉक्टरांना सांगा, त्याने निम्मं काम होईल.

आता दार वाजवणं म्हणजे काय ते सांगते. सर्राचा जंतू ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, हा रक्तात मोकळा पोहतो. ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला तर आधी जंतू दिसत नाही, तांबड्या पेशी एका जागी थरथरताना दिसतात, जणू गर्दीत कोणीतरी कोपराने ढकलत चाललंय, आणि मग त्या ढकलाढकलीतून शेपटी मारत जाणारा तो बारीक गडी नजरेत येतो. एकदा पाहिला की आयुष्यभर विसरत नाही. पण तो कायम तेवढ्या संख्येत नसतो. अंगावरचा प्रथिनांचा कोट तो सारखा बदलत राहतो, घोडीच्या शरीराने एक कोट ओळखून मारामारी केली की बहुतेक मरतात, थोडे नवा कोट घालून उरतात आणि पुन्हा वाढतात, म्हणून ताप असा लाटांनी येतो. ताप नसताना रक्त घेतलं तर काच रिकामी दिसणार, त्यात डॉक्टरांचा दोष नाही. तुम्ही सकाळ-संध्याकाळ दोघींचं टेंपरेचर वहीत लिहा आणि पांढरीचा ताप चढला की त्याच तासाला फोन करा. तेव्हा घेतलेलं रक्त काचेच्या बारीक नळीत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तांबड्या पेशी तळाला जातात आणि त्यांच्या वरच्या पांढऱ्या पट्टीशी हे जंतू गोळा होतात, तिथे पाहिलं तर सापडण्याचा चान्स कितीतरी वाढतो. सोबत पीसीआर करून घ्या, त्यात जंतूचा डीएनएच शोधतात.

पांढरीच्या बाबतीत मात्र एक वाईट शक्यता सांगितलीच पाहिजे. सर्रा जुना झाला की जंतू रक्तातून निघून मेंदूत आणि मणक्यात शिरतो, मग घोडी झुलते, गोल गोल फिरते, मागचे पाय ओढते, आणि त्या वेळी रक्तात तो सापडेलच असं नाही. म्हणजे काच रिकामी म्हणून ती सुटली असं होत नाही. आणि रक्तात चांगलं काम करणारी आपली नेहमीची औषधं मेंदूत पुरेशी पोचत नाहीत, म्हणून बरी झाली झाली म्हणता म्हणता पुन्हा उलटतं. ताप लाटांनी, झुलणं आणि पॉझिटिव्ह कागद, हे तिन्ही एकत्र असेल तर तुमचे डॉक्टर सर्रा धरूनच चालतील आणि मीही तेच करेन. ठणठणीत घोडीला निव्वळ कागदावरून सुई टोचू नका, ते औषध साधं नाही, टोचलेल्या जागी मोठी सूज येते, काही घोडी लाळ गाळत बसतात. तिचा पीसीआर येऊ द्या, मग ठरवा.

आणि हो, झुलणाऱ्या घोडीच्या तोंडात हात घालून दात-घसा बघायचा नाही, कोणीही नाही. रेबीजसुद्धा असाच सुरू होऊ शकतो.

रजिस्टर आणि खोलीतला गडी यातला फरक आपल्या महाराष्ट्रातच एकदा माणसांवर दिसलाय. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला लाटांनी ताप यायला लागला आणि त्याच्या रक्तात चक्क हा जनावरांचा जंतू सापडला, माणसात असा पक्का सिद्ध झालेला तो पहिला रुग्ण. मग त्याच्या गावातल्या १८०६ लोकांचं रक्त कार्डवरच्या अँटिबॉडी टेस्टने तपासलं तर २२.७ टक्के पॉझिटिव्ह! ज्यांचं जोरात पॉझिटिव्ह आलं त्यांच्या रक्तात जंतू शोधला, एकाच्याही सापडला नाही. गाईगुरांत राहणारं गाव, माशा चावणार, जंतू अंगात शिरणार आणि शरीर त्याला मारून नोंद करून ठेवणार. आता त्या कागदावरून अख्ख्या गावाला औषध दिलं असतं तर?

प्रश्न : आमच्याकडे शर्यतीची घोडी आहे, घाटात बैलांच्या पुढं पळते. पावसाळ्यानंतर एका रात्रीत मागनं बसली, ताप नाही, खातीपिती. लष्करातून रिटायर झालेले मामा म्हणतात ही कुमरी. सर्राचं रक्त निगेटिव्ह आलं. कुमरीची रक्ततपासणी पुण्यात कुठं होते? (खेड)

उत्तर : मामांना माझा नमस्कार सांगा, हा शब्द आता कॉलेजातल्या पोरांनाही माहीत नसतो. कुमरीचा किडा, सेटारिया डिजिटाटा, मुळात गाई-म्हशींच्या पोटातल्या पोकळीत राहतो, पांढऱ्या दोऱ्यासारखा, आणि त्यांना फारसा त्रासही देत नाही. त्याची पिल्लं गुरांच्या रक्तातून डासात जातात आणि तोच डास घोड्याला किंवा शेळी-मेंढीला चावला की अळी चुकीच्या घरी पोचते. तिला तिथला रस्ता माहीत नसतो, भटकत भटकत कधी मणक्यात घुसते, कधी मेंदूत, कधी डोळ्यात. घोड्याच्या डोळ्यात वळवळणारा किडा पाहिलाय का कधी? तो बहुतेक वेळा हाच असतो. मणक्यात गेली की जिथून जाते तिथल्या नसांची वाट लावत जाते, म्हणून ताप नाही, खाणंपिणं चालू, आणि मागचा भाग मात्र एका रात्रीत गेला, असं चित्र दिसतं.

रक्ततपासणीचं म्हणाल तर इथे दार वाजवायला खोलीच नाहीये. सर्राचा जंतू रक्तात सापडतो तरी, ही एखाद-दुसरी अळी मणक्यात बसलेली, रक्तात काहीच नाही. अँटिबॉडी शोधायची म्हटलं तर घोड्यांचा स्वतःचा असा एक सेटारिया आहे, सेटारिया इक्विना, तो पोटात असतो आणि सहसा काही करत नाही, पण शरीर दोघांविरुद्ध जे अँटिबॉडी बनवतं ते इतकं सारखं असतं की टेस्टला हा धाकटा की थोरला कळत नाही. त्यामुळे जिवंत घोड्यात ‘कुमरीच’ असं छातीठोक सांगणारी रक्ततपासणी मागत फिरू नका, कोणी विकत असेल तर घेऊ नका. डॉक्टर बाकीची कारणं एकेक करून बाद करतात, पडून मार लागलाय का, सर्रा आहे का, रेबीज, विषबाधा, आणि मग अंदाजाने उपचार करतात. गोठ्यात बैल आणि घोडी शेजारी शेजारी बांधता ना? घोडीला तिथून लांब हलवा आणि संध्याकाळी धूर करा, मच्छरदाणीवजा जाळी लावा. यंदाच्या शर्यतीचं विसरा, हे सांगताना वाईट वाटतंय पण विसरा.

प्रश्न : माझा भाऊ केंटकीत असतो, त्याच्या मुलीच्या घोड्याला ईपीएम झालाय. तिथे आधी रक्त तपासलं, पॉझिटिव्ह आलं, तरी डॉक्टर म्हणाले पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागेल. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर परत सुई कशाला, बिल वाढवायला? आणि हा रोग आपल्या रेसकोर्सच्या घोड्यांना होईल का? (बाणेर)

उत्तर : बिलाची शंका पुणेकराला आधी येणारच, पण या वेळी डॉक्टर बरोबर आहेत.

ईपीएम, म्हणजे घोड्याच्या मेंदू-मणक्यात जंतू शिरून होणारा आजार, हा अमेरिका खंडाचा रोग. १९६० च्या दशकात केंटकीतच जेम्स रुनी यांनी अशा घोड्यांच्या मणक्यातली खराबी पहिल्यांदा नोंदवली, पण जंतूला नाव मिळायला १९९१ उजाडलं, ते दिलं जितेंदर दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दुबे म्हणजे भारतातून तिकडे गेलेले परजीवीतज्ज्ञ. नाव सार्कोसिस्टिस न्यूरोना. हा जंतू पसरवतो ओपोसम, पोटाला पिशवी असलेला, घूस आणि मांजर यांच्या मधला दिसणारा प्राणी. त्याची विष्ठा चाऱ्यात किंवा पाण्यात पडली आणि घोड्याने ते खाल्लं की झालं. घोड्यापासून घोड्याला होत नाही. आपल्याकडे ओपोसम नाही, त्यामुळे इथे जन्मून इथेच वाढलेल्या घोड्याला ईपीएमची काळजी नको. अमेरिकेतून आणलेलं घोडं झुलायला लागलं तर मात्र डॉक्टरांना ‘तिकडून आलंय’ हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण जंतू आत दबून राहू शकतो.

आता सुई. अमेरिकेत कित्येक भागांत निम्म्याहून जास्त घोड्यांच्या रक्तात या जंतूच्या अँटिबॉडी सापडतात. आणि खरोखर आजारी किती पडतात? १९९८ मध्ये तिथल्या सरकारी पाहणीत वर्षाला दर १०,००० घोड्यांमागे साधारण १४. म्हणजे रस्त्यावरचं कुठलंही घोडं पकडून रक्त तपासलंत तर पॉझिटिव्ह यायची शक्यता नाणं उडवल्यासारखी, आणि तुमच्या भाचीचं घोडं जर खुरातल्या दुखण्याने किंवा मानेच्या मणक्याने झुलत असेल तरी रक्त पॉझिटिव्हच दिसणार. म्हणून विचारायचं असतं ते असं की अँटिबॉडी मणक्याच्या आत बनतेय का? मेंदू-मणक्याभोवती एक गाळणी असते, रक्तातल्या अँटिबॉडीचा अगदी थोडा अंश तीतून पलीकडे झिरपतो, साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. आता रक्त आणि पाणी दोन्ही एकाच वेळी तपासून भागाकार करायचा. अँटिबॉडीचं माप रक्तात ४,००० आणि पाण्यात १० आलं तर भागाकार ४००, म्हणजे नुसतं झिरपलंय. पाण्यात ८० आलं तर भागाकार ५०, एवढं झिरपून येत नाही, म्हणजे मणक्याच्या आतच कारखाना चालू आहे, शत्रू आत आहे. तिथे एका टेस्टला १०० किंवा त्याच्या खाली भागाकार आला की ईपीएम धरतात.

आधीच्या टेस्ट, १९९० च्या दशकातल्या, पाण्यात अँटिबॉडी आहे की नाही एवढंच सांगायच्या, आणि सुई घालताना रक्ताचा एवढुसा अंश पाण्यात मिसळला तरी उत्तर बिघडायचं. भागाकाराने ते पुष्कळ सुधारलं. भावाला विचारा, रिपोर्टवर दोन आकडे आहेत का एकच. एकच असेल तर भांडायला हरकत नाही.

प्रश्न : मॅडम, मी शिरवळला व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे अशीच घोड्यांच्या मेंदूच्या परजीवी रोगांसाठी रक्ताची टेस्ट डेव्हलप करायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? सगळे म्हणतात चांगलं अँटिजेन मिळालं की काम झालं.

उत्तर : सगळे अर्धंच सांगतायत. अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी पकडायला टेस्टमध्ये ठेवतात तो जंतूचा भाग, हे अवघड आहे पण त्यात निदान वाट माहीत आहे. आधी लोक अख्खा जंतू वाढवून, त्याचा चेंदा करून तो टेस्टमध्ये वापरायचे, आणि मग त्याचे चुलतभाऊ पण पकडले जायचे, घोड्याच्या स्नायूत निवांत राहणारा सार्कोसिस्टिस फायेरी आहे, त्याच्यामुळे ईपीएमच्या टेस्टचा किती घोळ झालाय. म्हणून जंतूच्या पृष्ठभागावरचं एकच प्रथिन घेऊन बॅक्टेरियात बनवायचं असं सुरू झालं. तिथे उलटा फटका बसला, सॅग-१ नावाचं प्रथिन सगळ्या वाणांत नसतंच, मग तो वाण असलेलं घोडं आजारी असूनही निगेटिव्ह! म्हणून दोन-तीन प्रथिनं एकत्र. सर्राचंही तेच, जगभरच्या कार्ड टेस्टमध्ये वापरतात तो कोट, रोटॅट १.२, हा १९८२ मध्ये इंडोनेशियातल्या एका म्हशीतून मिळालेल्या जंतूचा, आणि केनियात असे जंतू सापडलेत ज्यांच्याकडे तो कोट शिवायचा जीनच नाही.

पण मी तुला विचारते, तुझी टेस्ट बरोबर आहे हे तू ठरवणार कशावरून? तुझ्यासमोर ९६ खळग्यांची प्लेट आहे, काही खळगे गडद, काही पाण्यासारखे, आणि मधले कितीतरी फिक्कट, धड इकडे ना तिकडे. त्या फिक्कटांमधून रेघ कुठे मारायची? त्यासाठी तुला शंभर टक्के खात्रीचे आजारी घोडे पाहिजेत, आणि मेंदूच्या रोगात शंभर टक्के खात्री म्हणजे पोस्टमॉर्टेम, मणक्याचे काप करून आत जंतू पाहिलेला. असे किती नमुने मिळतील तुला? मालक रडत असताना ‘तुमची घोडी कापू द्या’ हे विचारून बघ एकदा. मी विचारलंय, दोनदा, एकदा हो मिळालं.

निगेटिव्ह नमुने सोपे वाटतात, तिथेच लोक फसतात. एखाद्या मस्त स्टड फार्मवरच्या जाळीतल्या, औषधपाणी वेळच्या वेळी होणाऱ्या घोड्यांचं रक्त आणायचं, ते सगळं निगेटिव्ह येणारच, पेपरात ९८ टक्के स्पेसिफिसिटी, म्हणजे शंभर निरोग्यांतले ९८ बरोबर सोडले, असं छापून मोकळं व्हायचं. पण तुझी टेस्ट त्या घोड्यांवर कोण करणार आहे? टेस्ट होणार ती झुलणाऱ्या घोड्यावर, ज्याला माशा चावल्यात, ज्याच्या पोटात जंत आहेत, जो कदाचित पडलाय. तुझा खरा निगेटिव्ह म्हणजे असा घोडा जो झुलतोय पण दुसऱ्याच कारणाने. असे पन्नास नमुने जमव, तुझा गाईड चकित होईल.

आणि एक हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. समज १,००० घोडे, त्यातले १० खरे आजारी, तुझी टेस्ट ९० टक्के आजाऱ्यांना पकडते आणि ९० टक्के निरोग्यांना सोडते, ऐकायला किती छान. आजारी पकडले ९. निरोगी ९९०, त्यातले चुकून पॉझिटिव्ह ९९. एकूण कागद १०८ पॉझिटिव्ह, खरे त्यातले ९! हडपसरच्या भाऊंनी दोन घोड्या तपासल्या, त्यात एक झुलत होती म्हणून कागदाला काहीतरी अर्थ तरी आहे, उगाच सगळ्या तबेल्याचं रक्त काढत सुटलं की असं होतं.

जमलं तर हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात काही दिवस काढून ये. आणि इथे पुण्यातही नुसते रेसचे घोडे बघू नकोस, वरातीच्या घोड्यांच्या तबेल्यात जाऊन मोतद्दारासोबत बस, घोडं कधीपासून झुलतंय ते त्याला तारीखवार आठवतं, आणि तारीख नसलेला नमुना फ्रीजरमध्ये ठेवून काही उपयोग नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची, रायडिंग शिकते. तिच्या क्लासमधल्या एका घोड्याला सर्रा निघाला. तिला होईल का? मी क्लास बंद करू का? (कोथरूड)

उत्तर : नका बंद करू. आपल्या रक्तात एक प्रथिन असतं जे हा जंतू मारून टाकतं, चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्यात नेमकं तेच नव्हतं, ते २००६ मध्ये कळलं. तोही औषधाने बरा झाला. तिच्यापेक्षा त्याच पागेतल्या बाकीच्या घोड्यांची काळजी करा. गोमाशी एकाला चावताना उठवली गेली की ओल्या सोंडेने लगेच शेजारच्याला चावते, जंतू असाच पसरतो, म्हणून आजारी घोडं लांब बांधलंय का एवढं क्लासवाल्यांना विचारा. लांब बांधलं नसेल तर दुसरा क्लास बघा, पण मुलीसाठी नाही, त्या क्लासच्या अकलेसाठी.

प्रश्न : रविवारी रक्त काढलं तर लॅब बंद. सोमवारपर्यंत घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालेल का? (धनकवडी)

उत्तर : नाही! अख्खं रक्त गोठवलं की पेशी फुटतात आणि नळीत नुसता लाल रस उरतो, अँटिबॉडीच्या टेस्टला तो बाद. फ्रीजरमध्ये नाही, खालच्या फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात उभी नळी ठेवा, वर नाव-तारीख-वेळ लिहा, आणि जिवंत जंतू काचेवर पाहायचा असेल तर सोमवारची वाटच बघू नका, ताप असताना डॉक्टरांना तबेल्यातच काच करायला सांगा. घरच्यांनाही सांगून ठेवा, आमच्याकडे एकदा ती नळी कोणीतरी बीटाचा ज्यूस म्हणून सिंकमध्ये ओतली होती.